शेक म्हणजे शेकच

फोन आला तेव्हा मी मायक्रोस्कोपला डोळा लावून एका बाळंतिणीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत होते. मोजणी मध्येच सोडली की पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तोही सोडला. तिसऱ्यांदा उचलला.

"तुळसाबाई शहारेंची मुलगी बोलतेय का? नागपूरहून बोलतेय, रेडिएशन विभागातून. बाई का येत नाहीत? नऊ शेक चुकलेत त्यांचे."

मला वाटलं नाव चुकलं असेल. मी म्हटलं, "रोज येते ती. कालच बोलले मी तिच्याशी."

"नाही हो. अकरा झाले, मग रक्त कमी भरलं म्हणून तीन दिवस थांबवलं. त्यानंतर आल्याच नाहीत. असा खंड पडू देऊ नका, ताई. फार नुकसान होतं."

मी लाखांदूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. माय अड्याळला राहते. तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ विनोद, दोघांनी मिळून ठरवलं की तिला तो शब्द सांगायचा नाही. विनोद चिखल्याच्या खाणीवरून मॅंगनीजचा ट्रक चालवतो. त्याने सुटी टाकली आणि तो मायसोबत नागपूरच्या धर्मशाळेत राहिला. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. "झाला का शेक?" "हो, झाला." रोज हेच. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात, मीही मायला तेच सांगितलं होतं. जखम आहे, शेकावं लागते, बरी होते.

मी विनोदला फोन लावला.

"कुठी आहेस?"

"काहून?"

"कुठी आहेस ते सांग."

तो म्हणाला, "अड्याळलेच आहो. शेक चालू आहे ना मायचा, ताई. तू टेन्शन कायले घेऊन राहिली?"

"अड्याळले कोणता शेक?"

"ते नवीन केंद्र झालं ना बसस्टँडजवळ. अनुप सरचं. तेथी गरमीनं कॅन्सर बरा करते. अन् प्रतिकारशक्ती वाढते. नागपूरचा डॉक्टरच म्हणत होता ना का मायची प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून. त्या शेकानं कमी होते, ह्या शेकानं वाढते. मंग कोणता चांगला?"

मी हातातली स्लाइड खाली ठेवली, दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं आणि गाडी काढली.

एप्रिल महिना होता. दुपारचे साडेबारा. पवनीपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसलं नाही. स्कार्फ बांधला होता तरी वारा तव्यावरून आल्यासारखा तोंडावर बसत होता, आणि मी आख्ख्या रस्ताभर एकटीच बोलत होते. बेचाळीस डिग्री आहे आज. मे महिन्यात शेहेचाळीस होते. गरमीनंच कॅन्सर जात असता तर भंडारा जिल्ह्यात एकाला तरी झाला असता का?

केंद्र म्हणजे एक शटरचा गाळा होता. आत पंखा नव्हता. भिंतीला लागून लाकडाच्या पाच पेट्या, उभ्या कपाटासारख्या, आणि प्रत्येक पेटीच्या वर एक डोकं. पाचही बायका. मधल्या पेटीत माझी माय होती. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले, कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत ओघळत होता आणि तिला तो पुसता येत नव्हता, कारण हात आत होते. पेटीवरच्या गोल काट्यात साठ दाखवत होतं.

"माय!"

तिने डोळे उघडले. "करुणा? तू काहून आली? ड्युटी नाही का?"

मी पेटीचं दार ओढलं. आतून वाफेचा लोट आला. मायला धरून बाहेर काढलं. खुर्चीवर बसवलं. तिचा परकर ओटीपोटावरून जरा खाली सरकला आणि मला दिसलं. नागपूरला जिथे किरणं दिली होती, मार्करने खुणा केल्या होत्या, तिथली कातडी आधीच काळवंडली होती. त्यावर आता फोड आले होते. दोन फुटलेले.

आतल्या खोलीतून अनुप सर बाहेर आला. पांढरा कोट, छातीवर सोनेरी अक्षरात नाव. माणूस चाळिशीचा, आवाज मऊ. पूर्वी तो इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचा, हे मला नंतर कळलं.

"मॅडम, पेशंटला असं मध्येच काढू नका. सेशन अर्धवट राहतं."

"हे फोड पाहिले तुम्ही?"

"ते विष बाहेर येऊन राहिलं, मॅडम. चांगलं लक्षण आहे."

मला वाटलं, ह्याच्या कानशिलात द्यावी. दिली नाही. पर्समध्ये दवाखान्याचं थर्मामीटर होतं, ते काढलं आणि मायच्या जिभेखाली ठेवलं. सगळ्या बायका बघत होत्या. बीप वाजली.

"नव्व्याण्णव पॉइंट आठ," मी मोठ्याने वाचलं. "तुमच्या काट्यावर साठ सेल्सियस आहे, म्हणजे ह्या थर्मामीटरच्या हिशेबानं एकशे चाळीस. माणसाच्या अंगात शंभरसुद्धा नाही. कारण अंग घाम काढून स्वतःले थंड करते. तिची गाठ आहे ओटीपोटाच्या आत. तिथपर्यंत तुमची वाफ गेलीच नाही. वरची कातडी तेवढी भाजली."

"मॅडम, हे सायन्स आहे. जगभर चालते." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की ताप हा शत्रू नसून मित्र आहे, उष्णतेने पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि शरीर स्वतःच कॅन्सरशी लढते. खाली प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक इंग्रजी कागद होता, कोणत्या तरी परदेशी संशोधनाचा.

मला सगळ्यात जास्त राग आला तो ह्याचा, की भिंतीवरचं ते पूर्ण खोटं नव्हतं. मी शिकले आहे तेवढं. ताप आला की पांढऱ्या पेशींची धावपळ वाढते, हे मला माहीत आहे. निव्वळ थापा असत्या तर मी हसून मोकळी झाले असते. मी तो कागद भिंतीवरून ओढून काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"ही ओळ वाचा."

"मॅडम, इंग्रजीत आहे ते, पेशंटले समजणार नाही."

"तुम्ही वाचा. नाही येत? मी वाचते. ह्यात लिहिलं आहे, रेडिएशनसोबत. सोबत! रेडिएशन चालू ठेवून, त्याच्या जोडीनं. तुम्ही माझ्या मायले रेडिएशन सोडाले सांगतलं."

"मी सोडा नाही म्हटलं. मी म्हटलं, दोन्ही शेक संगं नोको. शरीराले झेपत नाही. विचारा तुमच्या भावाले."

विनोद दारात येऊन उभा राहिला होता. हातात नारळपाणी, मायसाठी आणलेलं. कोपऱ्यातल्या पेटीतली बाई बोलली. दिघोरीची बेबीबाई, स्तनात गाठ असलेली. "बाई, तुमी कायले आमचा टाइम खराब करून राहिल्या? ज्याले पटते त्याले घेऊ द्या."

मी मायला गाडीवर बसवून घरी आणलं.

घरी मी विनोदला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ट्रक चालवतोस, तुला गिअर आणि ब्रेकमधला फरक कळतो, दोन शेकांमधला कळला नाही? तुला मला एक फोन करता आला नाही? रोज मी विचारत होते, रोज तुम्ही मला हो म्हणत होता! तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि त्याने मला आणखीच चीड आली. मी फोडांवर लावायचं मलम काढत होते आणि झाकणच निघेना.

"बस झालं," माय म्हणाली.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. माझी माय एकसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं लोकांच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी केली, वाकून वाकून पाठीला बाक आला, पण आवाजाला कधी बाक आला नाही.

"त्याले कायले बोलतेस? मी गेली तेथी. माह्या मनानं गेली. अन् तुले खोटं कोण बोललं? तू विचारलं शेक झाला का. मी म्हटलं झाला. झालताच ना."

"माय, तो वेगळा शेक अन् हा वेगळा."

"मले कोण सांगतलं वेगळा म्हणून? तू सांगतलं? तू म्हटलं, जखम आहे, शेकावं लागते. मंग नागपूरले जाऊन शेका का अड्याळले शेका, शेक म्हणजे शेकच. नागपूरले मले एका मशीनखाली निजवते, दरवाजा लावून सारे पळून जाते, दोन मिनिटं आवाज येते, उठा म्हणते. ना गरम ना थंड. अकरा दिवस मी पाहिलं. कोणी एक शब्द बोललं नाही माह्यासंगं. जे बोलले ते विनोदसंगं, तेही इंग्रजीत." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "त्या अनुपनं मले खुर्ची देल्ली. म्हटलं, तुळसाबाई, तुमाले कॅन्सर आहे. घाबरू नोका. असं असं होते, असं असं करू. माह्या तोंडावर सांगतलं त्यानं. माह्या आजाराचं नाव मले पहिल्यांदा कोणी सांगतलं, माहीत आहे? त्या चोरानं. माह्या शिकलेल्या पोरीनं नाही."

विनोद बाहेर निघून गेला.

मी लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट लिहिते. रोज पन्नास नळ्या माझ्या हातातून जातात. आणि माझ्या मायला मी मूल समजले होते. मला वाटलं होतं की मी तिला वाचवते आहे. खरं म्हणजे तिच्यापुढे तो शब्द उच्चारायची माझीच छाती झाली नव्हती. हे कळलं म्हणून अनुपवरचा राग कमी झाला असं नाही. आता तो आणखी एका माणसावर झाला, एवढंच.

"माय, तुले कॅन्सर आहे," मी म्हटलं. "गर्भपिशवीच्या तोंडाले. दुसऱ्या पायरीचा. बरा होऊ शकते. पण नागपूरचा शेक पुरा करावा लागते."

"हं," ती म्हणाली. "मलम लाव."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही निघालो. रेडिएशनच्या डॉक्टर तृप्ती मॅडम माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. फोड पाहून त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "पाहा हे! ह्या महिन्यातली ही तिसरी पेशंट. वाफेच्या पेट्या, तापलेल्या गाद्या, काय काय निघालंय. कातडी थोडी सुकल्याशिवाय सुरू करता येणार नाही. म्हणजे आणखी दोन-तीन दिवस गेले." मग त्या माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागल्या.

"मॅडम," माय म्हणाली, "मले सांगा. आजार माहा आहे."

मॅडम थांबल्या. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"विचारा, आई."

"गरमीनं प्रतिकारशक्ती वाढते का नाही? खरं सांगा. तो खोटं बोलला का?"

"अर्धं खरं बोलला. आई, उष्णतेचा उपचार खरोखर आहे. पण त्यात सगळं अंग उकडत नाहीत. यंत्राने फक्त गाठ तापवतात, बेचाळीसच्या आसपास, तासभर, आत तापमान मोजत मोजत. त्याने गाठ दुबळी होते आणि रेडिएशन तिला जास्त लागू पडतं. दुसरं म्हणजे, तापलेल्या गाठीच्या पेशी काही प्रथिनं बाहेर टाकतात. त्या खुणेने आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना कळतं की इथे काहीतरी बिघडलंय. एरवी कॅन्सरची पेशी आपल्यातलीच असल्यासारखी लपून राहते."

माय विचार करत होती. "निंदाले गेलं तर धानातलं तण धानासारखंच दिसते. कवळं असते तवा ओळखूच येत नाही. लोंब निघाल्यावर समजते का हे आपलं नव्हतं. तसं का?"

"अगदी तसं. उष्णतेने ती लोंब जरा लवकर दिसते, म्हणा."

"पण दिसल्यावर उपटाले हात पायजे."

"बरोबर. ते काम रेडिएशनचं आणि औषधांचं. नुसत्या उष्णतेने, नुसत्या ओळख पटण्याने गाठ जात नाही. आणि पांढऱ्या पेशींना किती काळ ती ओळख राहते, ह्यावर अजून अभ्यासच चालू आहे. जास्त तापलं तर त्या पांढऱ्या पेशीच मरतात. मग राखण करणारंच कोणी उरत नाही."

"अन् माह्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या त्या कायनं?"

"आमच्याच इलाजाने. हेही खरं आहे. दर आठवड्याला सलाइनमधून जे औषध देतो, त्याने आणि रेडिएशनने होतं. म्हणूनच तीन दिवस थांबवलं होतं. थांबलं की पुन्हा भरून येतात. हे त्याच दिवशी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. बाहेर दीडशे लोक उभे असतात, आई. पण सांगायला पाहिजे होतं."

मी विचारलं, "ते खरं यंत्र इथे आहे का, मॅडम?"

"नाही."

"मग कुठे?"

"मोठ्या शहरांत, तेही मोजक्या ठिकाणी. तुमच्या आईसाठी तिकडे पळायची आता वेळ नाही. आहे ते पूर्ण करा."

खरं यंत्र शेकडो मैलांवर आणि खोट्या पेट्या बसस्टँडजवळ. एका शटरमध्ये पाच. मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या जाळीवर हात आपटला. विनोदने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली नाही.

शेक चौथ्या दिवशी सुरू झाले. ह्या वेळी मायने त्या मशीनवरच्या पोरीला नाव विचारलं, दार का लावता ते विचारलं, आवाज कशाचा ते विचारलं. रीना नावाची ती पोरगी आधी वैतागली, मग रोज सांगू लागली. आता किती राहिले, हे मायला आमच्याआधी माहीत असायचं.

पहिल्याच शनिवारी, शेकाला सुटी असते म्हणून, माय म्हणाली, "अड्याळले चाल. मले अनुपकडे जाचं आहे."

"माय, तुझ्या अंगात ताकद नाही. मी तक्रार टाकली आहे जिल्ह्याले. पाहतील ते."

"ते पाहतील तवा पाहतील. तेथी आज पाच बाया बसल्या असतील."

ती विनोदच्या खांद्याला धरून शटरच्या आत गेली. पाच पेट्या, पाच डोकी. अनुप सर हात जोडून पुढे आला, "या तुळसाबाई, या." मायने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने बायकांकडे तोंड करून लुगडं कमरेवरून सरकवलं आणि फोडांचे व्रण दाखवले.

"हे पाहा. विष नोहय हे. माही भाजलेली कातडी आहे. मले कॅन्सर आहे. तुमालेही आहे. ज्याले कोणी सांगतलं नसंल त्यानं आता ऐका. ह्या पेटीनं तुमची गाठ गरम होत नाही. गाठ आत राहते, मजेनं वाढते, अन् आपण येथी घाम काढत बसतो. माहे तेरा शेक गेले ह्याच्या पायी. तेरा! ते कोण वापस देईल? हा देईल?"

"तुम्ही बाहेर व्हा," अनुपचा मऊ आवाज फाटला. "पोलीस बोलावतो मी."

"बोलाव! बोलाव ना! मी येथीच बसतो. पोलिसालेही दाखवतो मी कातडी."

विनोदने तेव्हा पहिल्यांदा काहीतरी केलं. तो भिंतीपाशी गेला आणि पाचही पेट्यांच्या वायरी एकेक करून खेचल्या. अनुपने त्याचा हात धरला, त्याने झटकला. पेट्यांतून दोन बायका निघाल्या आणि कपडे घालायला आत पळाल्या. तिसरी रडत होती. चौथी तिथेच उभी राहिली. बेबीबाई म्हणाली, "तुमचं तुमी पाहा व माय. मले बरं वाटून राहिलं." आणि तिने पेटीचं दार आतून ओढून घेतलं, वाफ बंद झाली होती तरी.

जिल्ह्याचे लोक पंधरा दिवसांनी आले. शटरला सील लागलं. महिनाभरात मला कळलं की अनुप नदीपलीकडे दुसऱ्या तालुक्यात गेला, नाव बदललं, पेट्या त्याच. मी पुन्हा अर्ज लिहिला. अजून लिहिते आहे. माझ्या दवाखान्यातले लोक म्हणतात, शहारे मॅडम चिडक्या झाल्या. झाले आहे.

मायचे पंचवीस शेक पूर्ण झाले, आतून द्यायचं रेडिएशनही झालं. तीन महिन्यांनी तपासणी झाली. तृप्ती मॅडम म्हणाल्या, गाठ दिसत नाही. पण मध्ये जो खंड पडला त्याने काय केलं हे आज सांगता येत नाही, दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यावं लागेल. माय म्हणाली, "येईन. पण मलेच सांगा, पोराईले नोका सांगू."

विनोद ट्रकवर परत गेला आहे. फोनवर आम्ही मायपुरतं बोलतो. त्याला माफ केलं का म्हणून मायने एकदा विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, स्वतःले केलं का? मी म्हटलं, तेही नाही.

ऑक्टोबरात, धान निसवून कापणीला येत होतं तेव्हा, बेबीबाई मायच्या दारात आली. पदराखाली कापूस बांधला होता. गाठ फुटली होती आणि वास येत होता. तिच्यासोबत कोणीच नव्हतं. मी त्या दिवशी अड्याळलाच होते. मला वाटलं माय तिला पाणी देईल, धीर देईल. मायने तिला दारातच इतकं झापलं की शेजारपाजारचे लोक बाहेर आले. सहा महिने! सहा महिने त्या पेटीत बसली, मी कातडी दाखवली तरी बसली, तो नदीपलीकडे गेला तं तेथीही गेली, तुले डोळे नव्हते का व? बेबीबाई नुसती रडत उभी.

मग माय आत गेली, चप्पल घातली, तिच्या दवाखान्याच्या फायलीची पिशवी खांद्याला अडकवली आणि मला म्हणाली, "नागपूरची गाडी किती वाजता आहे?"

मी दोघींना बसमध्ये बसवलं आणि रजा वाढवून मीही मागच्या सीटवर बसले. भंडारा येईपर्यंत माय बेबीबाईला बोलतच होती. कॅन्सर म्हणजे काय, पांढऱ्या पेशी म्हणजे काय, मशीनखाली निजवून सगळे का पळतात. प्रत्येक वाक्य रागातच.

बेबीबाईने एकदाच विचारलं, "मी वाचीन का?"

"मले काय माहीत?" माय म्हणाली. "डॉक्टरले विचार. तुह्या तोंडानं विचार. अन् उत्तर देल्ल्याशिवाय उठू नोको."